भर दुपारची होळी

म्हात्रे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका लाकडी पेटीला लाथा मारत होत्या.

जासईजवळचं कंटेनर यार्ड, मे महिन्यातलं ऊन. पेटी छातीइतकी उंच होती आणि आत कुठल्यातरी परदेशी यंत्राचा भाग होता. माल सोडवायला आलेला एजंट हात जोडून पेटीभोवती फिरत होता. "मॅडम, आत मशीन आहे हो, मशीन!" मॅडमचं लक्ष नव्हतं. साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, खाली पुरुषी जाड बूट, आणि त्या बुटांनी त्या पेटीची खालची फळी इंचाइंचाने बडवत चालल्या होत्या. एका लाथेबरोबर फळीतून पिठासारखा भुसा सांडला. त्या उकिडव्या बसल्या, भुसा चिमटीत घेऊन चोळला, हुंगला आणि शेजारच्या हमालाच्या हातातली पहार ओढून घेऊन फळी उचकटली. आत बोटभर लांबीची पांढरी अळी होती. ती वळवळली.

"जिवंत," त्या म्हणाल्या आणि अंगठ्याने तिला फळीवरच चिरडलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नवीन मुलगी ना तू? पुढची तू मार."

पुढची दिसतच होती. मी पेन काढलं. का काढलं माहीत नाही, काहीतरी हातात असावं म्हणून असेल. मॅडमनी माझं मनगट धरलं आणि माझ्याच हाताने ते पेन अळीत खुपसलं.

"पहिल्यांदा जड जातं," त्या म्हणाल्या. "नंतरही जातं. पण हात आपोआप चालतो."

बोटीने येणाऱ्या मालाबरोबर माल नसलेलंही बरंच काही येतं. पेट्यांच्या लाकडात अळ्या येतात, धान्याच्या पोत्यात भुंगे, भंगाराला चिकटून गोगलगायी, यंत्रांच्या चाकांवरच्या चिखलात तणाचं बी. त्यातलं काय गॅस देऊन मारायचं, काय परत पाठवायचं आणि काय जागीच जाळायचं, हे आमचं ऑफिस ठरवतं. मी तिथे प्राणिशास्त्राची पदवी घेऊन, नवीन पनवेलच्या एका इंग्रजी शाळेतून आलेलं माझं भित्रं मराठी घेऊन रुजू झाले. मॅडम मला 'ए इंग्लिश मीडियम' म्हणत. त्यांनी दापोलीला शेतकीचं शिक्षण घेतलं होतं, कीटकांवर पुढचा अभ्यास केला होता आणि त्यांची लॅटिन नावं त्या शिव्या दिल्यासारखी उच्चारत. चिडल्या की मात्र थेट आगरी. त्यांचं माहेर जासईच्या पुढच्या एका गावातलं. सासर म्हणजे रोडपालीतला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करणारे, घरात सगळ्यात कमी बोलणारे म्हात्रे साहेब.

त्यांचे नियम थोडे होते आणि ते मोडणाऱ्यावर त्या हात उगारत. यार्डातून निघताना प्रत्येकाने गेटवर बुटाचे तळवे तारेच्या ब्रशने घासायचे. ड्रायव्हरनेसुद्धा. एकदा एक तरुण अधिकारी, 'मॅडम, मी तर खाली उतरलोच नाही,' म्हणाला. त्यांनी त्याचा बूट पायातून उपसला, तळव्याच्या खाचेतली माती त्याच्या नाकाखाली धरली आणि बूट गेटबाहेरच्या गटारात फेकला. तो मुलगा एका बुटावर ऑफिसपर्यंत आला. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांत जास्त वेळ घासत असे.

गॅस दिलेल्या मालाची ताडपत्री निघाली की त्या सर्वांत आधी आत हात घालत. मेलेले किडे ओंजळीत घेऊन उन्हात नेत, सुईने एकेकाला टोचून बघत. एकाचाही पाय हलला की सगळा माल पुन्हा ताडपत्रीखाली. एजंट रडकुंडीला येत. "मॅडम, जवळजवळ सगळे मेलेत!"

"तुझ्या घरात जवळजवळ सगळे चोर पकडले, तर झोपशील का?" त्या विचारत. "अर्धमेलं मला चालत नाही."

पनवेलला परतताना गाढी नदीच्या पुलावर त्या हमखास गाडी हळू करायला लावत. खाली पाणी दिसत नसे, नुसती हिरवीगार जलपर्णी, तिच्यावर जांभळी फुलं. पहिल्यांदा मी 'किती छान' असं म्हटलं असावं.

"छान म्हणूनच आणली होती कुणीतरी. फूल सुंदर आहे म्हणून," मॅडम म्हणाल्या. "माझे आजोबा या खाडीत होडी घालायचे. आता त्यात काठी शिरत नाही. घाणेरीसुद्धा कुणीतरी हौसेने कुंडीत लावूनच आणली. पाहुणा दिसायला गोड असला की लोक त्याला विचारत नाहीत, बाबा, तू जाणार कधी?"

हे सगळं ऑफिसपुरतं राहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण आईने त्यांना एकदा चहाला बोलावलं.

माझी आई पुण्याची. नीटनेटकी, माणसं जोडणारी. मावशी नुकतीच सिंगापूरला जाऊन आली होती आणि आईला तिने एक रोपटं आणून दिलं होतं. लालसर पानांचं, नाजूक. आईने ते दिवाणखान्याच्या खिडकीत, पितळी कुंडीत लावलं होतं. मॅडम सोफ्यावर बसल्या, पोह्यांची डिश हातात घेतली आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"हे कुठलं?"

"अहो, आमच्या ताईने आणलं. ओल्या मोज्यात गुंडाळून, पर्समध्ये," आई खुशीत म्हणाली. "विमानतळावर कुणाला कळलंसुद्धा नाही!"

"माती इथली घातलीत?"

"छे, तिथलीच आहे थोडी. मुळं दुखावतात ना."

मॅडमनी पोह्यांची डिश टीपॉयवर ठेवली. स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर चहाचं आधण उकळत होतं. पदराने पातेलं उचलून त्या बाहेर आल्या आणि ते सगळं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं. वाफेने खिडकीची काच पांढरी झाली. पानं एका क्षणात काळी पडून लोंबली. आई "अहो! अहो!" एवढंच म्हणत होती. मॅडमनी दुसरं पातेलं चढवलं, तेही ओतलं. मग चमच्याने माती उकरून बघितली. मातीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी होतं, होरपळून आखडलेलं. त्यांनी ते आईला दाखवलं.

"हे तुमच्या ताईंच्या पर्समधून आलं. काय आहे मलाही माहीत नाही. माहीत नाही, म्हणूनच." मग पुन्हा सोफ्यावर बसून म्हणाल्या, "आता चहा टाका. साखर कमी."

त्या गेल्यावर आई खूप वेळ काच पुसत होती. "ही बाई पुन्हा माझ्या घरात येता कामा नये," ती म्हणाली. पण संध्याकाळी तिने मावशीला फोन केला आणि यापुढे येताना फक्त चॉकलेटं आणायला सांगितलं.

मॅडमना कुणाची भीती वाटत नाही असं आम्हाला वाटे. तसं नव्हतं, हे मला जासईच्या वळणावर कळलं. एका व्यापाऱ्याच्या लाकडी ओंडक्यांची रास त्यांनी परत पाठवायचा शेरा मारला होता. त्या दिवशी परतताना एक जीप आडवी आली. चारपाच जण उतरले, तोंडाला रुमाल बांधलेले. एकाने आमच्या गाडीची पुढची काच लोखंडी सळईने फोडली. ड्रायव्हर स्टिअरिंगखाली गेला. माझ्या मांडीवर काचा सांडल्या. मॅडमच्या हाताने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतत होती. ते मला स्पष्ट आठवतं, कारण पुढच्याच क्षणी तो हात सुटला आणि त्या दार उघडून बाहेर पडल्या. केसांत काचा, हातात पायाशी ठेवलेली पहार. त्यांनी जीपचा एक दिवा फोडला. मग दुसरा.

"ये!" त्या ओरडल्या. "गारीचे डोले फोरले, आता तुजा डोका फोरू?"

सळईवाला पुढे झाला. त्यांच्या पहारीचा वार त्याच्या खांद्यावर बसला, त्याच्या सळईचा त्यांच्या बरगडीत. दोघंही वाकले. तेवढ्यात मागचा एक रुमालवाला ओरडला, "अरे थांब! ही त घरतांची कुंदा हाय. हरेशशेठची बहीन!"

सळई खाली आली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "ताई, आमाला कुठं म्हाईत," सळईवाला खांदा चोळत म्हणाला. "कोनी तरी म्याडम हाय, येवडाच सांगितला." त्यातल्या एकाने आमच्या सीटवरच्या काचासुद्धा रुमालाने झटकून दिल्या.

गाडी निघाल्यावर मॅडम बरगडी दाबून बसल्या होत्या. थोड्या वेळाने स्वतःशीच हसल्या. "माहेर आहे म्हणून जिवंत आहे मी," म्हणाल्या. "नाहीतर या पट्ट्यात मला कधीच कुणीतरी आडवी केली असती."

ते माहेर म्हणजे मुख्यतः त्यांचे मोठे भाऊ, हरेशदादा. धिप्पाड माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी, हसला की ऑफिसच्या खिडक्या हलाव्यात असं हसू. जमीन बंदरात गेली, तेव्हा घरातल्या मुलांना यार्डात कंत्राटं मिळाली. दादांकडे हमाल पुरवायचं आणि टाकाऊ लाकूड उचलून नेऊन नष्ट करायचं काम होतं. खाडीत जिताडा सापडला की तो वर्तमानपत्रात गुंडाळून ते थेट ऑफिसात येत आणि बहिणीच्या टेबलावर ठेवत. "कुंदे, आज रातच्याला कालवन कर. म्हात्रे पावन्यांना सांग, साल्यानं धारलाय." आख्ख्या ऑफिसला माशाचा वास लागे आणि मॅडम, ज्या आमच्या टेबलावर बिस्किटाचा चुरा चालवून घेत नसत, त्याही त्या दिवशी काही बोलत नसत.

होळीच्या दोनतीन दिवस आधी दादा असेच आले. हातात मासा, चेहऱ्यावर काहीतरी लपवलेला आनंद.

"कुंदे, यंदा होलीला लवकर ये. पयला नारल तुज्या हातचा."

"तो दरवर्षीच असतो की," मॅडम मान वर न करता म्हणाल्या. त्यांच्या गावात होळीला पहिला नारळ गावच्या लेकीने द्यायचा असतो. घरतांच्या घरातून तो मान मॅडमचा होता. वर्षातून तेवढा एक दिवस त्या नऊवारी नेसत.

"यंदाची होली तू बगतच रावशील. घराएवडी रचलीय. तुजीच लाकरं हायेत."

"माझी कुठली?"

"तू जालायला सांगितलेली, ती परदेशी पेट्यांची. म्हटला, यार्डाच्या खड्ड्यात जालून काय उपेग? जालायचीच हायेत ना, मंग होलीबायला देवू. पुन्य तरी लागंल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दादा, कधी नेलीस?"

"आठवरा झाला रचून."

मी त्यांचा चेहरा अनेकदा रागाने लाल झालेला पाहिला होता. त्या दिवशी तो पांढरा झाला. ती लाकडं नेली त्याच दिवशी जाळायची होती, त्यांच्यात अळ्या नव्हे, कोष होते, म्हणजे बाहेर पडायच्या तयारीतले भुंगेरे. आणि दादांनी जे केलं ते गावातल्या कुणीही केलं असतं. होळी आठवडाभर आधी रचायला लागते, मैदानात, सगळ्यांना दिसेल अशी. जळणार ते जळणारच होतं. फक्त आठवडाभराने.

"गाडी काढ," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. मला म्हणाल्या, "इंग्लिश मीडियम, चल."

दादांची जीप आमच्या मागोमाग होती. गावात पोचलो तेव्हा भर दुपार होती. मैदानाच्या कडेने आंब्यांची रांग, मोहर सरून कैऱ्या धरलेल्या. मधोमध होळी. खरंच घराएवढी. पेट्यांच्या फळ्यांवर परदेशी अक्षरं, वर झेंडूची तोरणं. मॅडम बूट न काढताच जवळ गेल्या. फळ्यांवर ताजी गोल भोकं होती, करंगळी जाईल एवढी. खाली भुशाच्या लहान लहान राशी.

"आत्ता पेटव," त्या भावाला म्हणाल्या.

दादा हसले. "खुली झालीस? पुनव तरी होवू दे."

"दादा, यातले उडायला लागलेत. उन्हाचे सालीखाली दडून असतात, तिन्हीसांजेला उडतात. आज संध्याकाळी उडाले तर सगळी झाडं गेली. तुझी, गावची, पार पेणपर्यंतची."

"भिरूड त आमच्या आंब्याला हायच की," माणसं जमली होती, त्यातलं कुणीतरी म्हणालं. "तार घालून कारतो आमी."

"हे आपलं भिरूड नव्हे रे! आपल्या भिरुडाला खाणारे इथे आहेत. याला खाणारं इथे कुणी नाही!"

"मंग गॅस मार तुजा," दादा म्हणाले. "होलीला हात नको लावू."

"ताडपत्र्या, माणसं, परवानगी येईपर्यंत उद्या उजाडेल."

तेवढ्यात दादांची धाकटी मुलगी, सातआठ वर्षांची असेल, धावत आली. "आत्या, बग!" तिच्या हातात दोरा होता आणि दोऱ्याला बांधलेला एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, लांब मिशांचा भुंगेरा भिरभिरत होता. सुंदर होता, हे मला सांगायलाच हवं. मॅडमनी तो मुलीच्या हातातून हिसकावून जमिनीवर आपटला आणि बुटाखाली रगडला. मुलगी किंचाळली. तिची आई, मॅडमची वहिनी, धावत आली.

"कुठं मिळाला हा? सांग! आणखी किती होते?"

मुलगी रडत आंब्यांकडे बोट दाखवत होती.

पुढचं सगळं फार झटपट झालं. दादांच्या जीपमागे डिझेलचा कॅन होता. मॅडमनी तो ओढून काढला, झाकण दातांनी उघडलं आणि होळीवर ओतायला सुरुवात केली. लोकांना आधी ते खरंच वाटलं नाही. मग एका म्हाताऱ्या बाईने बोंब मारली. दादांनी मागून मॅडमचा दंड धरला. मॅडमनी वळून रिकामा कॅन दादांच्या तोंडावर मारला. दादांच्या ओठातून रक्त आलं. त्यांनी बहिणीच्या थोबाडीत मारली, अशी की ती जमिनीवर पडली. पडल्या पडल्या तिने कमरेला खोचलेली काडेपेटी काढून काडी ओढली.

आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. होळी एकदम, खालपासून वरपर्यंत पेटली. तोरणं क्षणात गेली. लोक मागे सरले आणि मग पुढे आले. दगड आले. एक मॅडमच्या कपाळावर बसला. त्यांनी एक पेटती फळी उचलली आणि होळीला पाठ करून उभ्या राहिल्या. कुणी विझवायला बादली घेऊन आला की ती फळी त्याच्या तोंडासमोर फिरवत. रक्त डोळ्यात येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला ओरडून म्हणाल्या, "बाहेर पडलेल्या फळ्या आत लोट! बघतेस काय!" मी गाडीच्या जॅकच्या दांड्याने फळ्या आत लोटत होते. माझ्या हाताची कातडी भाजली. एका बाईने माझी वेणी धरून मला मागे खेचलं, मी सुटले आणि पुन्हा लोटायला लागले. आगीतून तडतड आवाज येत होते. काही लाकडाचे होते, काही नव्हते.

होळी बसली तेव्हा लोकांचाही जोर बसला. निखाऱ्यांभोवती सगळे उभे होते. बायका रडत होत्या. त्यांच्या देवीला कुणीतरी नैवेद्याआधी, नारळाआधी, भर दुपारी जाळलं होतं, आणि ते करणारी गावचीच लेक होती.

दादांनी फाटलेला ओठ शर्टाला पुसला.

"कुंदे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोठा नव्हता. "आजपासना तुला म्हायेर नाय."

वहिनींनी मुलीला उचललं, घरात नेलं आणि दार लावलं. कडीचा आवाज मैदानापर्यंत ऐकू आला.

मॅडमच्या कपाळाला टाके पडले. होळीच्या दिवशी त्या ऑफिसात होत्या. संध्याकाळी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत भुंग्यांना सुया टोचत बसल्या. गावाने दुसरी लाकडं गोळा करून होळी लावली, पहिला नारळ दुसऱ्या कुणाच्या लेकीने दिला, हे आम्हाला हमालांकडून कळलं. मॅडमनाही कळलं असणार. त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर त्या दर आठवड्याला त्या गावात जात. एक भुंगेरा दोऱ्याला बांधला गेला होता, म्हणजे त्याआधी आणखी काही उडालेच असणार, असं त्या धरून चालत. प्रत्येक आंब्याचं खोड खालून वर तपासायचं. एकदा त्यांच्यावर कुत्रं सोडलं. एकदा वरच्या गच्चीतून शेणाचं पाणी ओतलं. त्या ओल्या साडीनिशी पुढच्या झाडाकडे गेल्या. "झाडं माझ्याशी अबोला धरत नाहीत," म्हणाल्या. पण परतताना गाडी गावाबाहेर पडेपर्यंत त्या मागे वळून बघत होत्या.

गावाने वर तक्रार केली होती. पावसाळा सरता सरता बदलीचा हुकूम आला, लांबच्या दुसऱ्या बंदरावर. निरोप समारंभ नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी दुपारी मला म्हणाल्या, "एक झाड राहिलंय."

मला वाटलं होतं ते मैदानातलं असेल. ते हरेशदादांच्या दारातलं होतं, त्यांच्या वडिलांनी स्वतः कलम बांधलेला हापूस. आदल्या आठवड्यात त्यांनी ते लांबून, कुंपणाबाहेरून पाहिलं होतं, बुंध्याशी भुसा दिसला होता. आमच्याबरोबर यंत्राची करवत घेतलेली दोन माणसं होती. कुंपणाच्या फाटकात दादा उभे होते. हातात कोयता.

"पाय टाकू नको," ते म्हणाले.

"टाकते," मॅडम म्हणाल्या. "नंतर हवं ते कर. आधी खोडाला कान लाव."

"तुजा काय एक..."

"दादा. कान लाव."

दादांनी कोयता खाली घेतला नाही. तसेच, कोयत्यासकट, झाडापाशी गेले आणि एवढं मोठं शरीर वाकवून त्यांनी खोडाला कान लावला. बराच वेळ. अंगणात एक कोंबडी फिरत होती, तिच्या पायांचासुद्धा आवाज येत होता. मी त्यांचा चेहरा बघत होते. आधी त्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी डोळे मिटले.

"खातो," ते म्हणाले. "आत खातो कोनीतरी."

"हो."

"औषध?"

"नाही दादा. खोलवर गेलंय."

"मंग बाकीची?"

"आज हे पाडून जाळलं तर बाकीची वाचतील. वाट बघितली तर नाही."

दादांनी कोयता फाटकाच्या खांबात मारला, इतक्या जोराने की तो तिथेच रुतून राहिला. यंत्रवाली माणसं पुढे झाली. दादांनी त्यातल्या एकाला छातीवर हात ठेवून मागे ढकललं. तो पडता पडता वाचला.

"आमच्या बापाच्या झाराला कोनी हात लावाचा नाय."

ते घरात गेले. आत काहीतरी धडाधड पडल्याचे आवाज आले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुनी, गंजलेली, पुरुषभर लांबीची करवत होती, दोन्ही टोकांना मुठी असलेली. ती एकट्याने चालत नाही. ते खोडाजवळ उकिडवे बसले, पातं सालीवर टेकवलं आणि दुसरी मूठ कुणाकडेच न बघता पुढे केली.

मॅडमनी पदर खोचला आणि समोर बसल्या.

पहिल्यांदा पातं अडकलं. दोघंही एकाच वेळी ओढत होते. दादांनी शिवी घातली, मॅडमनी उलटी घातली. मग हळूहळू जमलं. एक ओढायचा तेव्हा दुसरा सोडायचा. ओला पिवळट भुसा दोघांच्या गुडघ्यांवर पडत होता. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. नुसता करवतीचा आवाज आणि दोन माणसांचे श्वास. मॅडमच्या कपाळावरचा व्रण घामाने लाल झाला होता. त्या उंच बसून, नुसत्या खांद्यांच्या जोरावर ओढत होत्या, दात खाऊन.

दादा थांबले.

"खाली वाक," ते म्हणाले. "नायतर कंबर धरंल तुजी."

मॅडम आणखी खाली वाकल्या आणि करवत पुन्हा सुरू झाली.